गाव केम, विषय केम, मार्क साडेसात

कुर्डुवाडी_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. इथं बरेच महिने नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एफवाय बीएस्सीला आहे, पुण्यात. गाव केम, तालुका करमाळा. सोलापूर लायनीला जेऊर सुटलं की केम, मग कुर्डुवाडी. कुंकवाचं गाव म्हणून लोक ओळखतात. कॉलेजात पहिल्या दिवशी ओळख करून देताना "मी केमचा" म्हणलं आणि सगळा वर्ग हसला, कारण इथं केमिस्ट्रीला केम म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. सरही हसून म्हणाले, "मग तुला काय, घरचाच विषय." परवा त्याच घरच्या विषयात, ऑरगॅनिकच्या इंटर्नलला, २० पैकी साडेसात पडले.

अभ्यास केला नाही असं नाही. दोनशे पानी वही घातलीय. लाल पेननं रिएजंट, हिरव्यानं कंडिशन, निळ्यानं प्रॉडक्ट. ६१ रिअॅक्शन. पहाटे हॉस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत पाठ केल्यात, लहानपणी पाढे केले तशा. झोपेतून उठवून विचारा, सांगतो.

पेपरात आलं काय, तर ३-मिथाइल-१-ब्युटीन अधिक एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड), मेकॅनिझमसकट, म्हणजे रिअॅक्शन कशी घडते ते बाण काढून. ४ मार्क. मला वाटलं, लॉटरी. आमच्या क्लासच्या सरांनी बारावीला मार्कोव्हनिकोव्हचा नियम एका वाक्यात शिकवला होता, "पैशाकडे पैसा जातो." ज्या कार्बनवर हायड्रोजन जास्त, नवा हायड्रोजन त्याच्याकडेच. त्याप्रमाणे २-ब्रोमो-३-मिथाइलब्युटेन लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. मिळाला अर्धा मार्क. तोही, मला वाटतं, अक्षर बघून.

मेकॅनिझममध्ये एच प्लसकडून डबल बाँडकडे बाण काढला होता. त्याला लाल गोल करून सरांनी एवढंच लिहिलंय: "इलेक्ट्रॉन कुणाकडे आहेत?" दोन दिवस त्या ओळीकडं बघतोय. सरांना जाऊन विचारायला पाहिजे, कळतं. पण तासाला ८० पोरं, सर स्लाइड अशा पळवतात की वहीत मथळा लिहून होईतो खालचं गेलेलं असतं, आणि सुरुवातच "हे तुम्ही बारावीत केलंच आहे" अशी. बारावीत आम्ही उत्तर काय येतं ते केलं. कसं येतं याला क्लासवाल्यांकडं वेळ नव्हता. शिवाय दहावीपर्यंत मराठी मीडियम. विचारायला उभा राहिलो की आधी इंग्रजी वाक्य जुळवायचं, मग शंका आठवायची.

दुसरं दुखणं आर आणि एस, म्हणजे आरशातल्या जोडीसारख्या दोन रेणूंपैकी कुठला ते ओळखणं. कागदावर ठळक पाचर म्हणजे आपल्याकडं, तुटक पाचर म्हणजे मागं. बरं. पण मला कागद कागदच दिसतो. शेजारचा मान वाकडी करून म्हणतो "आर आहे", मी पण मान वाकडी करतो.

घरी सांगायची सोय नाही. आई कुंकवाच्या पॅकिंगला जाते, संध्याकाळी येते तेव्हा हात कोपरापर्यंत लाल. वडील ऊस बघतात. फोनवर म्हणलं, "सेंद्रिय रसायनशास्त्र अवघड जातंय," तर म्हणाले, "सेंद्रिय? म्हणजे युरिया न टाकता करायचं का?" काय सांगणार?

तर विचारायचं असं की पाठांतर सोडलं तर या विषयाचा अभ्यास करायचा कसा, म्हणजे हाताने नेमकं काय करायचं? आर-एस दिसायला कसं लागतं? आणि दीड महिन्यात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही आहे, प्रॅक्टिकलला स्पॉटिंग (अनोळखी पदार्थ ओळखायचा). निघेल का?

---

एटीकेटी_सम्राट

भावा, टेन्शन घेऊ नको. मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, फिरून फिरून तेच येतं. नावं (आययूपीएसी), बेंझिनची स्थिरता, न्यूमन प्रोजेक्शन, एवढ्यात पासिंग निघतं. मी स्वतः असाच निघालो. दुसऱ्या फटक्यात.

मेकॅनिझम ऑप्शनला टाक.

---

थिएलट्यूब

सम्राट, तुमचा अनुभव मान्य, पण ऑप्शनला टाकलेलं मेकॅनिझम एसवायला व्याजासकट परत येतं. मला विचारा. मी १४ वर्षं एका औषध कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) आहे आणि मला ऑरगॅनिकलाच केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता. पाठांतरात मीही पहिली होते.

पॅसेंजर, तुझ्या सरांनी पेपरावर लिहिलेली ओळ ही तुला मिळालेली सगळ्यात चांगली शिकवणी आहे. त्यांच्यावर रागावू नकोस.

बाण म्हणजे अणू कुठे चालला ते नव्हे. बाण म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठे पोचली. शेपटी जिथे इलेक्ट्रॉन आहेत तिथे, टोक जिथे ते हवे आहेत तिथे. एच प्लस म्हणजे रिकामं भांडं, त्यातून तू काय ओतणार आहेस? डबल बाँडमध्ये दोन जोड्या, त्यातली पाय बाँडची जोडी जरा सैल, बाहेरच्या अंगाला. ती निघते. एचबीआरमध्ये ब्रोमिनने इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून ठेवलेत, हायड्रोजन उपाशी बसलाय. म्हणून पहिला बाण पाय बाँडमधून हायड्रोजनकडे, दुसरा एच आणि बीआरमधल्या बंधातून ब्रोमिनकडे. ब्रोमिन ती जोडी घेऊन ब्रोमाइड होऊन सुटला.

आता तुझंच गणित घेऊ. पेन्सिल घे, वाचू नकोस नुसतं.

तुझ्या रेणूत पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये डबल बाँड, तिसऱ्यावर एक हायड्रोजन आणि दोन मिथाइल. हायड्रोजन पहिल्या कार्बनवर बसला, मग प्लस आला दुसऱ्यावर. इथपर्यंत तुझं "पैशाकडे पैसा" बरोबर. पण तू इथेच दुकान बंद केलंस. या दुसऱ्या कार्बनला शेजारी किती कार्बन? दोन. म्हणजे सेकंडरी. आणि त्याच्या शेजारच्या तिसऱ्या कार्बनवर प्लस असता तर त्याला शेजारी किती? तीन. टर्शरी, जास्त स्थिर. तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन दुसऱ्या कार्बनवर उडी मारतो (हायड्राइड शिफ्ट), प्लस तिसऱ्यावर सरकतो, आणि ब्रोमाइड तिथे येऊन बसतो. मुख्य प्रॉडक्ट २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन. तू लिहिलेलंही थोडं तयार होतं, पण विचारलं होतं मुख्य.

कार्बोकॅटायन (प्लस आलेला कार्बन) दिसला की शेजारी डोकावायचं. दर वेळी. मी वहीच्या कोपऱ्यात डोळा काढून ठेवायचे.

मार्कोव्हनिकोव्हने हा नियम मांडला १८७० च्या आसपास. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ ला. म्हणजे त्या माणसाला हायड्रोजन तिकडेच का जातो हे कळायला मार्गच नव्हता, त्याने दिसलं ते लिहून ठेवलं. त्याला नियमावर भागवावं लागलं, तुला नाही. आणि नियमावर भागवणारा पुढच्याच पानावर आपटतो: पेरॉक्साइड टाकलं की एचबीआर बरोबर उलटं बसतं. शिकागोत खराश यांनी हे १९३३ मध्ये उलगडून दाखवलं. तिथे प्लस तयारच होत नाही, ब्रोमिनचा रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा अणू) आधी येऊन टोकाच्या कार्बनवर बसतो, हायड्रोजन मागून. पैसा गेला गरिबाकडे. एचसीएल आणि एचआयला हे लागू नाही, आणि पेपर काढणाऱ्यांना हे फार आवडतं.

आता आर-एस. याला मॉडेल किट मिळतं, पण तू पैसे घालवू नकोस. मेसमधून मूठभर हरभरे माग आणि रात्री भिजव. पाच-सहा तास पुरे, फार मऊ झाले तर काडी धरत नाहीत. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोड. मधोमध एक हरभरा, त्याला चार काड्या, सगळ्या एकमेकींपासून होईल तितक्या लांब. पहिल्यांदा अधिक चिन्हासारखं सपाट होईल. मोड. तीन काड्या तिपाईसारख्या टेबलावर टेकव, चौथी सरळ वर. तो १०९.५ अंशाचा कोन, जो तू पाठ केला आहेस. आता तीन काड्यांना वेगवेगळी टोकं: एकीला शेंगदाणा, एकीला वाटाणा, एकीला चवळी. चौथी मोकळी, तो हायड्रोजन.

असंच दुसरं कर, पण आरशात बघून. बाथरूमचा आरसा चालतो. मग दोन्ही एकमेकांवर बसवायचा प्रयत्न कर. शेंगदाण्यावर शेंगदाणा येतो, तर वाटाणा चुकतो. पाच मिनिटं झटापट कर. हे हाताला कळलं की डोक्याला सांगावं लागत नाही.

मोकळी काडी डोळ्यापासून लांब धर. शेंगदाणा एक नंबर, वाटाणा दोन, चवळी तीन (खऱ्या रेणूत नंबर अणुक्रमांकावरून). एक, दोन, तीन असं बोट फिरव. घड्याळासारखं गेलं की आर, उलट गेलं की एस. कागदावर हायड्रोजन ठळक पाचरीवर, म्हणजे तुझ्याकडे तोंड करून असेल, तर आहे तसं वाच आणि उत्तर उलटं कर. मान वाकडी करायची गरज नाही.

स्पॉटिंगवर उद्या लिहिते. सध्या डबा भरायचाय.

---

सांजवेळ

बाळ, मी ३१ वर्षं हाच विषय शिकवून निवृत्त झालो. थिएलट्यूबताईंनी लिहिलं ते उत्तम. माझी थोडी भर, आणि थोडा मतभेद.

आधी तुझ्या वडिलांचा प्रश्न, कारण तो वाटतो तितका भाबडा नाही. पूर्वी अशी समजूत होती की सजीवांच्या शरीरात तयार होणारे पदार्थ जिवंतपणाच्या कसल्याशा शक्तीशिवाय बनू शकत नाहीत. म्हणून ते 'सेंद्रिय', बाकीचे 'असेंद्रिय'. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट करायला घेतलं आणि हाती आला मूत्रातला पदार्थ. त्याने आपल्या गुरूंना, बर्झेलियसना, कळवलं की मूत्रपिंडाची गरज न लागता मी हा बनवू शकतो. तो पदार्थ म्हणजे युरिया. तुमच्या उसाला जाते ती गोणी. या विषयाची सुरुवात ज्याने झाली असं मानतात, तोच पदार्थ 'सेंद्रिय' शेतीत वर्ज्य! वडिलांना हे जरूर सांग. शब्द तसाच राहिला, आज त्याचा अर्थ कार्बनच्या संयुगांचं रसायनशास्त्र एवढाच.

आता मतभेद. पाठांतर सोडून दे असं मी म्हणणार नाही. ६१ रिअॅक्शन पाठ करणं व्यर्थ, पण काही गोष्टी जिभेवर हव्यातच. फंक्शनल ग्रुप (रेणूतले ओएचसारखे गट) ओळखता आले पाहिजेत. आणि पाच-सहा पीकेए, म्हणजे आम्लाची ताकद सांगणारे आकडे: अॅसेटिक अॅसिड ४.७६, फिनॉल १०, इथेनॉल १६, टोकाचा अल्काइन २५. आकडा लहान तितका प्रोटॉन सोडायला राजी. एका अंकाला दसपट. म्हणजे फिनॉल इथेनॉलपेक्षा दहा लाखपट आम्लधर्मी. दोघांतही ओएचच आहे, मग एवढा फरक का, हा प्रश्न पडला की रेझोनन्स (इलेक्ट्रॉन एका अणूवर न राहता पसरणं) हा धडा आपोआप उघडतो.

भाषेबद्दल. इंग्रजी शब्द आपल्याला जड वाटतात, कारण आपण ते फोडत नाही. न्यूक्लिओफाइल म्हणजे केंद्रकाचा स्नेही. केंद्रक धन असतं, म्हणजे हा धनाच्या शोधात, म्हणजे याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेत. इलेक्ट्रोफाइल त्याच्या उलट. एवढी फोड केली की बाण कुठून कुठे हे शब्दातच लिहिलेलं आहे. मी वर्गात शब्द इंग्रजीच ठेवायचो, फोड मराठीत करायचो. मुलं हसायची, पण परीक्षेत बाण उलटा काढत नसत.

आणि सरांना मराठीतच विचार. त्या ८० जणांतल्या बऱ्याच जणांना ते मराठीतच हवं असतं, फक्त कुणी उभं राहत नाही.

जाता जाता. त्या हरभऱ्यांच्या खेळाला कमी लेखू नकोस. १८४८ मध्ये लुई पाश्चर, वय पंचवीस, भिंगाखाली टार्टारिक अॅसिडच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने निवडत बसला होता, आपल्याकडे तांदूळ निवडतात तसे. उजवीकडे झुकलेले एका बाजूला, डावीकडचे दुसऱ्या. दोन ढीग झाले. पाण्यात विरघळवले तर एकाने ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. टार्टारिक अॅसिड म्हणजे चिंचेतला आंबटपणा. निसर्गात त्याच्या आरशातल्या जोडीपैकी बहुतेक करून एकच रूप सापडतं.

---

कुर्डुवाडी_पॅसेंजर

सर, ताई, काय बोलू. तुमचं दोघांचं हाताने वहीत उतरवून घेतलं. एका पेननं.

हरभऱ्याची हकीकत. मेसच्या मावशींनी "उपवास-बिपवास हाय का?" विचारून वाटीभर दिले. काड्या हॉस्टेलच्या खराट्याच्या, त्यावरून वॉचमनकाकांशी थोडं वाजलं. पहिले चार मॉडेल सपाटच झाले. पाचव्याला तिपाई उभी राहिली. मग आरशासमोर दुसरं केलं, आणि ताई, खरंच बसत नाहीत एकमेकांवर! रूममेटला दिलं, म्हणलं बसवून दाखव, चहा पाजतो. त्यानं वीस मिनिटं घातली आणि शेवटी चवळी उपटून दुसरीकडं लावली. म्हणलं, बाँड तोडलास, हरलास. सकाळी उठून बघतो तर त्यानं शेंगदाणे खाल्लेले.

पुढच्या दिवशी तासाला उभा राहिलो. मराठीत. "सर, हायड्राइड शिफ्ट नेहमीच होतो का, का फक्त फायदा असेल तेव्हाच?" सर थांबले, स्लाइड मागं घेतली आणि दहा मिनिटं फळ्यावर. शेवटच्या बाकावरच्या तिघांनी वह्या उघडल्या. (उत्तर: शिफ्ट होऊन जास्त स्थिर कॅटायन मिळत असेल तेव्हाच.)

वडिलांना युरियाचं सांगितलं. म्हणाले, "मग त्या जर्मन माणसाला विचार, गोणी एवढी महाग का."

ताई, स्पॉटिंग राहिलं. पावडर देतात आणि ओळखा म्हणतात. मागच्या आठवड्यात सोडियमचा तुकडा बघून हात थरथरला.

---

थिएलट्यूब

थरथरू दे, सोडियमला थोडं घाबरलेलंच बरं. चष्मा घाल, तुकडा मुगाच्या दाण्यापेक्षा मोठा नको, फिल्टर पेपरवर टिपून कोरडा कर, आणि त्या टेबलावर पाण्याचा थेंब नको. पावडरीबरोबर फ्यूजन ट्यूबमध्ये टाकून आधी हळू, मग लालबुंद होईपर्यंत तापव, आणि खलातल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडव. ट्यूब फुटते, ती फुटण्यासाठीच असते. दचकू नकोस, आणि तोंड त्यावर धरू नकोस. उकळून गाळलेलं पाणी म्हणजे तुझा अर्क. हे कशासाठी? रेणूतला नायट्रोजन, क्लोरीन, सल्फर कार्बनला घट्ट चिकटून असतो, टेस्टला हाती लागत नाही. सोडियम त्याला ओढून आयन करतो. नायट्रोजन असेल तर शेवटी निळा रंग येतो, प्रशियन ब्लू. तो पहिल्यांदा दिसला ना, की माणूस मार्क विसरतो.

पण स्पॉटिंगची खरी सुरुवात त्याआधी, आणि ती सांजवेळ सरांच्या पीकेएमध्ये आहे. पोरं विरघळण्याच्या टेस्ट कंटाळत उरकतात, निष्कर्षाची ओळ शेजाऱ्याच्या जर्नलमधून. तू असं बघ. पावडरीवर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण टाकलं, फसफसलं, म्हणजे कार्बोक्झिलिक अॅसिड. फसफसलं नाही, पण कॉस्टिक सोड्यात विरघळलं, तर बहुधा फिनॉल. का? कार्बोनिक अॅसिडचा पीकेए ६.४ च्या आसपास. बेंझोइकचा ४.२, म्हणजे ते बायकार्बोनेटला प्रोटॉन देऊ शकतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फिनॉलचा १०, त्याची तेवढी ताकद नाही, त्याला कॉस्टिक लागतं. थिअरीच्या वहीतली आणि लॅबमधली गोष्ट एकच आहे, आपण उगाच दोन विषय करून ठेवलेत.

आणि तुझ्या घरची टेस्ट सांगते. हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या शर्टाला साबण लावला की डाग लालभडक होतो. हळदीत चुना कालवला की लाल होते तेही हेच. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये फिनॉलचा ओएच आहे. साबण-चुना आम्लारीधर्मी, ते प्रोटॉन काढून घेतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन एका अणूवर बसून राहत नाहीत, एकाआड एक डबल बाँडची लांब माळ आहे तीवर पसरतात. ते पसरले की रेणू प्रकाशातला वेगळा भाग शोषतो आणि पिवळ्याचा लाल होतो. लगेच त्यावर लिंबू पिळ, प्रोटॉन परत, पिवळा परत. रेझोनन्स शर्टावर. तुझ्या गावाला तर दुसरं उदाहरण द्यायलाच नको.

आता माझी फजिती, म्हणजे तू ती करणार नाहीस. प्रॅक्टिकल परीक्षा, बाहेरचे परीक्षक. मला पांढरी पावडर आली. बायकार्बोनेटला फसफसली, अॅसिड नक्की. मग मेल्टिंग पॉइंट. थिएल ट्यूबमध्ये लिक्विड पॅराफिन, थर्मामीटरला केशनळी बांधलेली. वेळ कमी म्हणून ज्योत मोठी केली. पारा पळत सुटला. पावडर वितळताना दिसली तेव्हा थर्मामीटर १३० दाखवत होता. टेबलात बघितलं, सिनॅमिक अॅसिड १३३, दालचिनीतल्या वासाच्या घरातलं. ठोकून दिलं.

परीक्षकांनी वही वाचली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "याच्यात डबल बाँड असतो ना? मग परमँगनेटचा रंग घालवून दाखवा की." मी थेंब टाकला. जांभळा. हलवलं. जांभळा. अजून हलवलं. सगळी लॅब बघतेय. ते बेंझोइक अॅसिड होतं, १२२ चं. ज्योत मोठी असली की तेल आणि थर्मामीटर पुढे जातात, केशनळीतली पावडर मागे राहते, म्हणून आकडा चढा येतो. अपेक्षित आकड्याच्या दहा-पंधरा अंश अलीकडे ज्योत बारीक करायची, मिनिटाला एक-दोन अंश. मी इथे हे नाव का घेतलं ते आता कळलं असेल.

परीक्षकांनी पास केलं प्रॅक्टिकलला. केटी थिअरीत लागली, ती वेगळी कथा.

आणि पुदिना आणि बाळंतशेपा आणून ठेव एकदा. दोन्ही चुरगाळून वास घे. पुदिन्यात कार्व्होनचा आर आणि बाळंतशेप्यात एस. एकच रेणू, तुझ्या आरशातले दोन हरभरे. तुझ्या नाकालाही आर-एस येतं, फक्त तू त्याला कधी विचारलं नाहीस.

---

एटीकेटी_सम्राट

ताई, माझ्या एसवायच्या वेळी कुठं होतात तुम्ही?

---

कुर्डुवाडी_पॅसेंजर

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी. गावी जाऊन आलो. आईच्या पांढऱ्या रुमालावर हळद लावली, साबण लावला, लाल झाला, लिंबू पिळलं, पिवळा झाला. मी विजयानं बघितलं. ती म्हणाली, "एवढं शिकायला पुण्याला पाठवलं व्हय? आणि आता हा रुमाल कोण धुणार?"

दुसरी इंटर्नल झाली, २० पैकी १३. चेअर कॉन्फर्मेशन (सहा कार्बनच्या कड्याचा खुर्चीसारखा आकार) काढताना इक्वेटोरियल, म्हणजे बाजूला जाणाऱ्या, काड्या तिरक्या काढायच्या विसरलो, तिथं गेले. ६१ रिअॅक्शनची वही रूममेटला दिली, त्यानं मागच्या पानांवर मेसचा हिशोब सुरू केलाय. आता रोज रात्री सात रिअॅक्शन, पुस्तक मिटून, पेन्सिलनं, फक्त बाण. खोडरबर लवकर संपतं एवढाच खर्च.

स्पॉटिंगला सराव करताना पावडर मिळाली ती वितळली १२१-१२२ ला. ज्योत बारीक होती. परमँगनेट तरीही टाकून बघितलं, तुमची आठवण म्हणून.

आजच्या सातपैकी दोन पानांचे फोटो टाकतोय. ३-मिथाइल-१-ब्युटीन परत केलंय, पहिल्या पानावर. बघता का ताई, बाण बरोबर आहेत का?

---

थिएलट्यूब

बघितले. पहिला बाण पाय बाँडमधून, बरोबर. दुसरा एचबीआरच्या बंधातून, बरोबर. ब्रोमाइडचा शेवटचा बाणही बरोबर, शेपटी जोडीवर आहे. हायड्राइड शिफ्टचा बाण मात्र तू हायड्रोजनच्या अक्षरातून काढला आहेस. अक्षरातून नाही, कार्बन आणि हायड्रोजनमधल्या रेघेतून. जोडी तिथे आहे. खोड आणि परत काढ.